खाडीतला नेचा कोणाचा नातलग?



पाचवीच्या मुलांना घेऊन खाडीकाठी गेले होते. तिवरांच्या मध्ये माणसाहून उंच, चामड्यासारख्या जाड पानांचा नेचा उभा होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, हा तिवराचा भाऊ का?" दोघं एकाच खाऱ्या चिखलात राहतात, म्हणून मी पटकन "हो, जवळचाच" म्हणून मोकळी झाले. उत्तर चुकलं होतं. पुढच्या आठवड्यात वर्गात ते दुरुस्त केलं. तोच पाठ इथे देते आहे.

नेचा कसा ओळखाल?
याचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम. वरच्या पर्णिकांची खालची बाजू तपकिरी दिसते. मुलांना तो रोग वाटतो, पण ते बीजाणू असतात. तिवराला फुलं-फळं येतात, नेच्याला कधीच येत नाहीत. म्हणजे दोघं शेजारी आहेत, भाऊ नाहीत.

मग जवळचं कोण?
याचा पुरावा पानातल्या हरितलवकात सापडतो. हरितलवक म्हणजे पूर्वी स्वतंत्र जगणारे नीलहरित जीवाणू. 100 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथलेच झाले. म्हणून त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. नेच्यांमध्ये तो साधारण दीड लाख अक्षरांचा असतो. माणसाचा सुमारे 300 कोटींचा, त्यापुढे ही छोटीशी वहीच! बहुतेक नेच्यांत ती फक्त आईकडून येते, त्यामुळे सरमिसळ होत नाही.

आता आपला रोजचा अनुभव आठवा. दोन वह्यांत एकच चूक त्याच जागी दिसली की आपण काय ओळखतो? दोघांनी एकाच वहीतून उतरवलंय! शास्त्रज्ञही डीएनएतले असेच सामाईक बदल शोधतात.

त्यातून खाडीतल्या नेच्याचा जवळचा नातलग निघाला सेराटॉप्टेरिस. हा गोड्या पाण्याच्या डबक्यात, भातखाचरात वाढणारा मऊ, पोपटी, बारीक चिरलेल्या पानांचा नेचा. दिसायला काहीच साम्य नाही, पण पूर्वज एकच. तो पूर्वजही पाणथळ जागेतलाच असावा.

गोड्या पाण्याची गरज खाडीतल्या नेच्याचीही पुरती सुटलेली नाही. फार खारट पाण्यात त्याचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून पावसाळ्यात खाडीचा खारटपणा उतरतो, ते दिवस त्याच्यासाठी मोलाचे.

वर्गात करून बघा
चार रंगांचे मणी घ्या, कारण डीएनएची अक्षरं चारच.
1. तुम्ही 12 मण्यांची मूळ माळ करा.
2. पहिला गट ती उतरवेल, पण एक मणी बदलेल.
3. दुसरा आणि तिसरा गट पहिल्याची माळ उतरवतील. प्रत्येकानं आणखी एक वेगळा मणी बदलायचा.
4. चौथा गट थेट मूळ माळेवरून उतरवेल, एक मणी बदलून.
5. पहिल्या गटाची माळ लपवा. मूळ माळ आणि उरलेल्या तीन माळा पाचव्या गटाला द्या आणि विचारा, "यातली भावंडं कोणती?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या माळेतला सामाईक बदल मुलं बरोबर पकडतात.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं." घर एक म्हणून कूळ एक असेलच असं नाही, हे मुलांच्या लक्षात राहिलं. आणि बाईसुद्धा चूक दुरुस्त करतात, हेही.