‘ध चा मा’ : अप्रामाणिकपणाच्या शब्दसृष्टीतील एक वाक्प्रचार

नाशिकच्या गंगापूर रोडने पश्चिमेकडे जाताना प्रथम आनंदवल्ली लागते व पुढे गंगापूर. आनंदवल्लीस राघोबादादांचा वाडा होता. आनंदीबाईंच्या नावावरून गावास हे नाव मिळाले आणि १७९४ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. गंगापुरास गोपिकाबाईंनी आपले उत्तरायुष्य कंठले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांची ही माता. ज्या घटनेने मराठीस ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार दिला, तिच्याशी निगडित अशा दोन स्त्रियांची निवासस्थाने एकाच रस्त्यावर असावीत, हा योगायोग लक्षणीय आहे.

अप्रामाणिक वर्तनासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘लबाड’, ‘लुच्चा’, ‘दगाबाज’ हे शब्द व्यक्तीच्या स्वभावावर शिक्का मारतात. ‘नमकहराम’ व ‘बेइमान’ यांना आधी एखादे नाते गृहीत धरावे लागते. खाल्लेल्या मिठाचे वा दिलेल्या शब्दाचे. ‘फितूर’ होण्यासाठी दोन पक्ष हवेत. ‘ध चा मा’ या सर्वांहून निराळा, कारण त्याला कागद लागतो. ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले गेले, ही कथा लेखी हुकमावर चालणाऱ्या राज्यातच संभवते. येथे गुन्हेगार मजकूर नाकारत नाही. तो दुसऱ्याच्याच नावाने आपला मजकूर वदवून घेतो.

रचनेच्या दृष्टीने हा वाक्प्रचार ‘राईचा पर्वत करणे’ व ‘पराचा कावळा करणे’ यांच्या पंक्तीत बसतो. अर्थ मात्र भिन्न आहे. राई आणि पर्वत यांत प्रमाणाचा फरक आहे. ‘ध’ आणि ‘मा’ यांत आशयच उलटतो. पहिल्या दोहोंत अतिशयोक्ती, तिसऱ्यात बनावट. अलीकडच्या वापरात ही सीमारेषा पुसट होत चालली आहे. मुद्रणदोष, चुकीचे अवतरण, ऐकण्यातली गफलत यांनाही सर्रास ‘ध चा मा’ म्हटले जाते. हेतू हा या वाक्प्रचाराचा गाभा. तो गळाला की निष्काळजी माणूस आणि खोटा दस्तऐवज करणारा माणूस एकाच मापाने मोजले जातात. अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना तरी हा भेद राखावयास हवा.

याच घटनेने इतर शब्दांचीही मूल्ये बदलली. ‘गारदी’ ही मुळात कवायती पायदळातील शिपायाची संज्ञा. इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मरण पावला. १७७३ नंतर मात्र त्याच शब्दाला भाडोत्री मारेकऱ्याची छटा चिकटली. उलट, एरवी निंदाव्यंजक असणारा ‘कारस्थान’ हा शब्द राघोबादादांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘बारभाईंच्या कारस्थाना’त निंदेचा भार टाकून देतो. साध्य मान्य असले की साधनाचे नाव भाषेला खटकत नाही, असे दिसते.

सर्वाधिक विचार करावयास लावणारी विषमता आणखी पुढे आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. अक्षरबदलाची कथा सांगोवांगीची, आणि चिकित्सक इतिहासलेखनाने तिच्याकडे साशंकतेनेच पाहिले आहे. तरीही भाषेने आपला निवाडा आनंदीबाईंविरुद्ध दिला. राघोबादादांच्या वाट्यास आला तो अटकेच्या मोहिमेची आठवण देणारा ‘राघोभरारी’ हा गौरवशब्द. ‘काका, मला वाचवा’ या उद्गारातही काका हा आळवला जातो, आरोपी म्हणून उभा केला जात नाही. ‘धरावे’ हा शब्द मूळचा काकांचाच, असे कथा स्वतःच सांगते. पुतण्यास, राज्याच्या धन्यास, कैद करण्याचा तो हुकूम होता. म्हणजे द्रोह ‘ध’ मध्येही होता. वाक्प्रचार मात्र ‘ध’ ला निर्दोष मूळ पाठ मानतो आणि सारे पाप ‘मा’ वर घालतो.