ओलं, सुकं आणि काडी

एका नगरपालिकेत तीस वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो. कचऱ्याने जे शिकवलं, त्यातलं थोडं.

१. धूर म्हणजे सफाई नव्हे. १९८६ साली नोकरीला लागलो तेव्हा सकाळी झाडलोट, मग ढिगाला काडी. धूर निघाला की काम झालं, असं मुकादम मानायचा आणि मीही. २००० च्या घनकचरा नियमांनी पालापाचोळा जाळायलाही बंदी घातली. तरी काडेपेटी खिशातून जाईना. २०१६ मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजारांचा दंड ठरवला, तेव्हा कुठे हात आवरले.

२. काडी तीच, कचरा वेगळा. पूर्वी ढिगात पाला, राख, कागद असायचा. पुढे दुधाच्या पिशव्या आल्या, वायरींची वेष्टणं आली. त्या वेष्टणांतल्या पीव्हीसीत क्लोरीन असतो. ते कमी आचेवर धुमसलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. आम्ही तोंडाला रुमाल बांधून भागवत होतो.

३. ओलं जळत नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टन कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच काळात बंद पडला. आपल्या कचऱ्यात सालं, देठं, खरकटं; आच पाणी आटवण्यातच संपते. ओलं सरपण फुंकलेल्या कुठल्याही आजीने हे आधीच सांगितलं असतं.

४. भट्टीलाही पथ्य असतं. शस्त्रक्रियेतला बराचसा कचरा भट्टीत जायला हवा. १९९८ च्या नियमांनी त्यासाठी दोन कप्प्यांची भट्टी सांगितली. दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंशांवर धूरच पुन्हा जाळायचा. क्लोरीनवालं प्लास्टिक मात्र तिथेही घालायचं नाही.

५. पारख बोटांत असते. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांना मी हुसकावत असे. त्यातली एक मावशी पिशवी चुरगाळून नुसत्या आवाजावरून प्लास्टिकची जात सांगायची. अशाच कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेतून त्या दारोदार कचरा नेऊ लागल्या. मी हुसकावलं ते माझंच काम फुकटात करणाऱ्यांना.

६. मिसळलं की संपलं. निवृत्तीनंतर पुण्यात आलो. परवा दारातल्या ताईंनी माझा सुका डबा तसाच परत दिला. आत चहाचा चोथा सांडला होता. “काका, पुठ्ठा भिजला. भंगारवाला हात नाही लावणार.”

ओलं जळत नाही, हे नोकरीत कळलं होतं. ते विकलंही जात नाही, हे साठीनंतर.