पक्षाघात आणि दवाखान्यांच्या फेऱ्या

"अंगावरून वारे गेले" असे आपल्याकडे म्हणतात, तोच पक्षाघात. कोणी त्याला अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा. या आजाराची केवळ लक्षणे आणि पथ्ये सांगून भागण्यासारखे नाही. पुष्कळ घरांत लक्षणे ओळखली जातात, माणसे धावपळ करतात, पैशाकडे पाहत नाहीत, आणि तरीही रुग्ण अंथरुणाला खिळतो. पुढे वर्षानुवर्षे त्या घरात एकच वाक्य ऐकू येते : "आम्ही तर तासाभरात दवाखान्यात नेले होते!" ते खरेही असते. पण कोणत्या दवाखान्यात नेले, हे कोणी विचारत नाही.

तालुक्याच्या गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसहाला वडिलांच्या हातातून चहाची कपबशी निसटते. सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसते, बोलणे जड येते. शेजारचे कोणी कांदा हुंगवायला सांगतात, कोणी पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्ला देतात. मुलगा शहाणा, तो नेहमीच्या डॉक्टरांना बोलावतो. ते आठला येतात, रक्तदाब पाहतात, तो २०० असतो, म्हणून जिभेखाली गोळी देतात. नऊ वाजता गावातल्या मोठ्या दवाखान्यात रुग्ण दाखल होतो. सलाईन लागते. "फिजिशियन अकराला येतील." ते येतात आणि जिल्ह्याला न्यायला सांगतात. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र आहे, पण ते बंद आहे. म्हणून बाहेरच्या केंद्रात स्कॅन, फिल्म हातात घेऊन पुढचे रुग्णालय, तिथे अतिदक्षता विभागात खाट नाही, त्यापुढच्या ठिकाणी आधी अनामत भरा. दुपारचे चार वाजतात. तिथले डॉक्टर विचारतात, "केव्हा सुरू झाले?" आणि उत्तर ऐकून म्हणतात, "अहो, साडेचार तासांत आणले असते तर!"

हा मुलगा कोणावर चिडणार? वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने काही ना काही केलेच होते. पण आपल्याजवळ या आजाराचे साधन नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कोणी सांगितले नाही, हा दोष आहे आणि तो आम्हा डॉक्टरमंडळींच्या पदरात टाकला पाहिजे. सलाईन लावले म्हणजे उपचार सुरू झाले, ही समजूत नातेवाइकांची आहे. ती तशीच राहू देणे आपल्याला सोयीचे वाटते.

साडेचार तासांचा हिशेब समजून घेऊ. मेंदूची रक्तवाहिनी बहुतेक वेळा गुठळीने बंद होते, काही वेळा फुटते. वरून पाहता दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, निष्णात डॉक्टरलाही खात्रीने फरक सांगता येत नाही. तो फरक सीटी स्कॅनवर कळतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. म्हणून स्कॅनशिवाय पाऊल पुढे पडत नाही. १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्या रुग्णांपैकी अधिक जण पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहिले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मात्र साडेचार तास म्हणजे सवलत नव्हे. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. तिसऱ्या तासापेक्षा पहिल्या तासात दिलेले इंजेक्शन केव्हाही अधिक गुणकारी.

हे इंजेक्शन सर्वांना चालत नाही. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टर ते टाळू शकतात. ते दिल्यावर शंभरात सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून घरच्यांची सही घेतात. इथेही वेळ जातो. "मुंबईच्या काकांना विचारून सांगतो," म्हणून मुलगा बाहेर जातो, काकांचा फोन लागत नाही, आणि अर्धा तास निघून जातो. सही कोणी करायची हे गाडीतच ठरवून घ्यावे.

आता त्या सकाळी काय करायला हवे होते ते पाहू. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर लिहावी. ती वेळ आपल्या लक्षात आल्याची नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत होता ती. झोपेतून उठतानाच त्रास दिसला, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगावी. अशा वेळी मुदत टळली म्हणून घरी थांबू नये. विशेष तपासणी करून काही रुग्णांना औषध देता येते, आणि मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांत मांडीतून नळी घालून गुठळी बाहेर काढतात. ते काही रुग्णांत २४ तासांपर्यंतही शक्य असते.

मग गाडी काढण्यापूर्वी फोन. जिथे नेणार तिथे एवढेच विचारावे : "वडिलांना अर्धांगवायू झाल्यासारखे वाटते, साडेसहापासून. तुमच्याकडे सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? गुठळीचे इंजेक्शन मिळेल का, आणि ते देणारे डॉक्टर आत्ता आहेत का?" तिन्हींना "हो" असेल तरच तिकडे वळावे. नाही तर जवळचे सोडून दूरचे गाठावे. जवळचा दवाखाना ओलांडून पुढे जाणे घरच्यांना जिवावर येते, हे खरे. रुग्ण बेशुद्ध असेल, श्वास घरघरत असेल, तर मात्र आधी जवळचाच दवाखाना. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तिच्यातील माणसांनाही स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायचे, हे स्पष्ट सांगावे. खरे म्हणजे ही चौकशी आजच, घरात सगळे धडधाकट असताना करून ठेवावी आणि ते दोन-तीन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावेत.

तोपर्यंत रुग्णाच्या तोंडात काही घालू नये, पाणीसुद्धा नाही. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि घोट फुफ्फुसात उतरतो. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तदाबाची जिभेखालची गोळी तर नकोच. पक्षाघातात रक्तदाब वाढतो तो बरेचदा मेंदूला रक्त पुरवण्याच्या धडपडीतून. तो एकदम खाली आणला, तर वाचू शकणारा भागही उपाशी मरतो. इंजेक्शनपूर्वी तो १८५/११० च्या आत हवा असतो, पण ते काम रुग्णालयात, नजरेखाली होते. मधुमेही रुग्ण असेल आणि घरी साखर मोजायचे यंत्र असेल, तर बोटाचा थेंब घेऊन पाहावे. साखर फार उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात.

खाट नाही, अनामत भरा, हे अनुभव काही नवे नाहीत. १९९२ साली बंगालमधील एक मजूर आगगाडीतून पडला, डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. सरकारी रुग्णालयामागून सरकारी रुग्णालय त्याला खाट नाही म्हणून परत पाठवत राहिले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. त्याआधी १९८९ मध्ये याच न्यायालयाने सांगितले होते, की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. अर्थात निकालाचा कागद दाखवून रात्री दोन वाजता खाट मिळत नाही. पण "प्राथमिक उपचार करून, चिठ्ठीवर वेळ लिहून, पुढच्या रुग्णालयाला फोन करून द्या," एवढे हक्काने मागता येते, आणि शांतपणे मागितले तर बहुधा मिळतेही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खुर्ची असते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन एकाने तिकडे जावे, दुसऱ्याने रुग्णाजवळ राहावे.

दाखल झाल्यावरचा त्रास वेगळा. "४८ तास जाऊ द्या" याखेरीज कोणी काही बोलत नाही. त्यातच आठ नातेवाईक आळीपाळीने डॉक्टरांना तेच विचारतात. त्याऐवजी एकानेच वही घेऊन जावे. गुठळी की रक्तस्राव, गिळण्याची चाचणी झाली का, व्यायाम केव्हापासून, पुन्हा होऊ नये म्हणून काय, एवढे विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. दुसरीकडे हलवायचे असेल तर कागदपत्रे मागावीत. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीपासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.

घरी सोडताना मुलाला पाच मिनिटांत सगळे सांगितले जाते : नळीतून भरवताना व नंतर अर्धा तास डोके उंच ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला, लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निसटतो. मुलगा मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. करायचे असते सुनेला नाही तर आईला, आणि त्या वेळी त्या घरी स्वयंपाकात असतात. म्हणून सुटीच्या आदल्या दिवशीच त्यांना रुग्णालयात बोलावून घ्यावे, आणि नर्सबाईंसमोर एकदा त्यांच्याच हाताने कूस बदलून, नळीतून भरवून पाहावे.