जनावरांच्या आतड्यांचे आरोग्य आणि मेदाम्ले

पशुपालनाचे यश किती खाद्य घातले यापेक्षा त्यापैकी किती अंगी लागले यावर अवलंबून असते, आणि ते काम आतड्याचे आहे. हगवणीने दगावणारी वासरे व कोंबडीची पिले म्हणजे लहान पशुपालकाचे पुढील उत्पन्नच होय.

यावर उपाय म्हणून खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत जगभर रूढ झाली. जनावरे झपाट्याने वाढली. पण औषधांना दाद न देणारे जंतूही वाढले. स्वीडनने १९८६ मध्ये केवळ वाढीसाठी होणाऱ्या या वापरास बंदी घातली. युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून पूर्णपणे अमलात आली. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा आधार ठरणाऱ्या कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील व कुक्कुटपालनातील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला. अशा वेळी पूरक उपाय म्हणून मेदाम्लांचा विचार पुढे आला आहे.

मेदाम्ले कोणती?

मेदाम्ले हे तेल व तूप यांचे घटक होत. चार कार्बन अणूंचे ब्युटिरिक आम्ल लोण्यात आढळते. सहा, आठ व दहा अणूंच्या कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्लांना शेळीच्या लॅटिन नावावरून नावे मिळाली. शेळीच्या दुधात ती विशेष असतात. बारा अणूंचे लॉरिक आम्ल खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे असते.

कार्य कसे होते?

मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरिक आम्ल हेच आहे. तेथील उपयुक्त जंतू तंतुमय पदार्थ आंबवून ते तयार करतात. अस्तर सशक्त असले की रोगजंतूंना शरीरात शिरणे अवघड जाते. मध्यम लांबीची मेदाम्ले जंतूंच्या आवरणात शिरून ते दुबळे करतात. मात्र साधे ब्युटिरिक आम्ल पचनमार्गाच्या आरंभीच शोषले जाते. म्हणून ते पुढील आतड्यापर्यंत पोहोचावे यासाठी त्यावर स्निग्ध पदार्थाचे वेष्टण देतात.

कोणाला उपयुक्त?

कोंबड्या व वराहांची पिले यांना या पूरकांचा अधिक उपयोग होतो. वासरांच्या बाबतीत ब्युटिरिक आम्लामुळे कोटीपोटाच्या आतील सूक्ष्म उंचवटे वाढतात. वासराला लवकर धान्ययुक्त खुराकाची सवय लावल्यास हे आम्ल कोटीपोटात आपोआप तयार होते. एकदोन वासरे असणाऱ्या शेतकऱ्याने महाग पुडी घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

प्रौढ गायी-म्हशींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या आहारात तेलाचे प्रमाण वाढल्यास तंतू पचविणारे जंतू मंदावतात, वैरण नीट पचत नाही आणि दुधातील स्निग्धांश घटतो. दुभत्या जनावरांना दिली जाणारी संरक्षित चरबी, म्हणजे बायपास फॅट, ही ऊर्जेसाठी असते. आतड्याच्या आजारावरील उपाय म्हणून ती घेऊ नये.

मर्यादा व दक्षता

मेदाम्ले हे औषध नव्हे. रक्ती हगवण किंवा ताप दिसताच पशुवैद्यकांना बोलवावे. पूरकाची मात्रा वेष्टणावरील सूचनेप्रमाणे किंवा त्यांच्या सल्ल्याने ठरवावी. अस्वच्छ पाणी, ओली गादी, बुरशी आलेले खाद्य व दाटीवाटी कायम असताना कोणतेही पूरक उपयोगी पडत नाही. वासराला जन्मानंतर पहिल्या दोन तासांत चीक पाजणे हे सर्वांत स्वस्त व खात्रीचे संरक्षण आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गावात या विषयाची चर्चा घडवून आणावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रतिजैविकांच्या अनाठायी वापराचे परिणाम समजावून सांगावेत. आज गोठ्यात औषध जपून वापरले, तरच उद्या घरातील आजारी माणसाला ते उपयोगी पडेल.