पुलांच्या दुरुस्तीतील तंतुपट्ट्या : किती टिकाऊ?

काँक्रीटचा पूल बाहेरून धडधाकट दिसला, तरी ओलावा व क्षार आत शिरल्यास त्याच्या पोटातील पोलाद गंजू लागते. अशा पुलास बळकटी देण्यासाठी तुळईच्या तळाशी पोलादी पट्ट्या चिकटविण्याची पद्धत होती. परंतु त्या पट्ट्याही गंजतात. म्हणून कृत्रिम राळेत बसविलेल्या कार्बनतंतूंच्या पट्ट्यांचा पर्याय पुढे आला.

स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाचे उदाहरण उद्बोधक आहे. वाहतूक दिवे बसविण्यासाठी छिद्रे पाडीत असता या पुलातील ताण दिलेल्या पोलादी तारांना इजा पोहोचली. १९९१ साली तेथे कार्बनतंतूंच्या पट्ट्या चिकटविण्यात आल्या. ज्या कामास १७५ किलोग्रॅम पोलाद लागले असते, ते अवघ्या ६.२ किलोग्रॅम पट्ट्यांनी भागले.

टिकाऊपणा कशावर अवलंबून?

कार्बनतंतू गंजत नाही, हे खरे. तथापि ऊन, पाऊस यांचा परिणाम गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार उघड्यावरील बांधकामात कार्बनतंतूंच्या पट्टीची मूळ ताकद ८५ टक्के, तर काचतंतूंची ६५ टक्केच हिशेबात धरली जाते.

खरी कसोटी असते ती चिकटद्रव्याची. सामान्य तापमानास घट्ट होणारे एपॉक्सी साधारणतः ५० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडू लागते. दीर्घकाळच्या ओलाव्यानेही त्याची पकड ढिली होते. पट्टी सुटते ती बहुधा एकाएकी. शिवाय, आतील गंजलेले पोलाद साफ न करता व भुसभुशीत काँक्रीट न काढता पट्टी चिकटविल्यास गंज आतल्या आत वाढतच राहतो आणि पट्टी काँक्रीटच्या थरासह निखळते.

देखभालीची जबाबदारी

म्हणून दुरुस्तीनंतरही नियतकालिक तपासणी अगत्याची ठरते. पट्टीवर हलकेच ठोकून पाहिल्यास सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. फुगवटा, कडा उचलणे, गंजाचे डाग अथवा गळती दिसल्यास संबंधित अभियंत्यास त्वरित कळवावे. पुलाखाली पाचट वा कचरा जाळू नये. नळवाहिनी किंवा दिव्यांसाठी अभियंत्याच्या संमतीविना एकही छिद्र पाडू नये. इबाख पुलाची दुरुस्ती अशाच छिद्रांमुळे करावी लागली होती. ही दक्षता ग्रामपंचायतींनी घेतल्यास दुरुस्तीवर झालेला खर्च सार्थकी लागेल आणि पुलावरून ये-जा करणाऱ्यांची सुरक्षितता टिकून राहील.