नागपूरच्या गच्चीवर हरितगृह की शेडनेट?

प्रश्न : नागपुरात गच्चीवर भाज्यांसाठी प्लॅस्टिकचे छोटे हरितगृह घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका, शेडनेट उभारा. बंद हरितगृह मुळात थंड प्रदेशांसाठी आहे. ते ऊन आत घेते आणि तापलेली हवा कोंडून ठेवते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि टोमॅटोची फुले ३५ अंशांपुढेच गळू लागतात. अशा कोंडलेल्या उष्णतेत रोपे कशी तगणार? ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरे. पावसाचे काय, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी फक्त छतावर उतरता पारदर्शक प्लॅस्टिक कागद घाला, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा, कारण हवा खेळली नाही तर दमटपणाने बुरशी धरते. सांगाडा मात्र पक्का जखडा, वळवाचा वारा जाळी उचलतो. थंडीत जाळी काढून ठेवा. तेव्हा फळभाज्यांना पूर्ण ऊन हवे असते.