पिशवी काढण्याआधी तीन प्रश्न



दिवाळीच्या सुमारास आमच्या पालीच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी वस्तीत फिरताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "ताई, पिशवी काढून टाकली, कटकट मिटली." खरेच मिटते का?

आधी आकडे पाहू. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहा जणींमागे एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनपेक्षाही कमी होते. बीडच्या बाईचे शरीर वेगळे नाही, तिचे काम वेगळे आहे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. पाळीत एक दिवस पालावर पडून राहिले तरी खाडा लागतो. फडात ना संडास, ना धुवायला पाणी. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. त्यात कोणी कॅन्सरची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार होते. त्याचा खर्चही पुढच्या उचलीत चढतो.

पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असते आणि औषधाने बरे होते. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी अकाली कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. काही आजारांत ऑपरेशन लागतेच, ते टाळू नका. पण आधी विचारा:

१. मला नेमका आजार कोणता? तपासणीचा कागद कुठे आहे?
२. औषधाने बरे होणार नाही का?
३. बीजकोश ठेवणार की काढणार?

उत्तरे घेऊन सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. बांधवांनो, तुम्ही सोबत जा.

कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. आपल्या बाईला आजही पाळीच्या एका दिवसाचा खाडा भरावा लागतो. म्हणून आशाताई नोंद करायला आली की लाजू नका, खरे सांगा. १३,८६१ हा आकडा बाया बोलल्या म्हणूनच सरकारपर्यंत पोहोचला.